‘थांबा’ म्हणणाराचें उत्तरदायित्व

काळ हें मोठें औषध आहे, असें आपल्याकडे वडील माणसें म्हणतात. शोक, राग, अपमान यांच्या बाबतींत तें खरेंही आहे. परंतु कांहीं दुखणीं अशीं असतात कीं, त्यांना काळ हें औषध नसून तोच रोग वाढवीत असतो. ज्या मुलाच्या पाठीचा कणा वांकडा वाढत आहे, त्यास ‘थांब’ म्हणणें म्हणजे त्या कण्यास ‘आणखी वांकडा हो’ असें सांगणेंच होय. आयर्लंड देशांतील अशा मुलांचें प्रकरण गेलीं कित्येक वर्षें गाजत आहे. तें आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं विचारांत घेण्यासारखें आहे, म्हणून त्यासंबंधीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विकारास स्कोलिओसिस म्हणतात. पाठमोरा पाहिला असतां कणा सरळ दिसावयाचा, तो एका बाजूस वळतो व पिळलाही जातो. हा बांक क्ष-किरणांच्या छायाचित्रावर अंशांनीं मोजतात. तो १० अंश किंवा त्याहून अधिक असला म्हणजे विकार आहे असें समजतात. ४५ ते ५० अंशांपर्यंत गेला म्हणजे बहुधा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. मुलें झपाट्यानें उंच होऊं लागतात त्याच वयांत हा बांकही वेगानें वाढतो. ज्यांच्या कण्याचीं हाडें जन्मतःच नीट मिटलेलीं नसतात, त्या मुलांत तर तो फारच बिकट रूप धारण करतो. बरगड्यांचा पिंजरा वेडावांकडा होऊन फुप्फुसांस जागा पुरत नाहीं, बसणें अवघड होतें, वेदना वाढतात. आज धातूच्या सळया व स्क्रू बसवून जें काम होण्याजोगें आहे, तें वर्षभरानें अधिक लांबलचक व अधिक धोक्याचें होऊन बसतें. आणि केव्हां केव्हां तें करण्याची वेळच निघून जाते.

२०१७ च्या फेब्रुवारींत आयर्लंडच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीनें या मुलांची व्यथा लोकांपुढें मांडली. सारा देश हळहळला. तेव्हांचे आरोग्यमंत्री सायमन हॅरिस यांनीं वचन दिलें कीं, त्या वर्षाच्या अखेरीनंतर कोणाही मुलास या शस्त्रक्रियेसाठीं चार महिन्यांहून अधिक थांबावें लागणार नाहीं. २०२४ सालीं तेच गृहस्थ देशाचे पंतप्रधान झाले. पण चार महिन्यांहून अधिक काळ खोळंबलेलीं मुलें तेव्हांही यादींत होतींच. मध्यंतरीं, २०२२ सालीं, अशा शस्त्रक्रियांसाठीं १ कोटी ९० लक्ष युरो मंजूर झाले होते. ते नेमके कशावर खर्च झाले, असें विचारण्याची पाळी पुढें संसदेवर आली. एप्रिल २०२५ मध्यें सरकारी तपासणी संस्थेच्या अहवालानें उघड केलें कीं, डब्लिनच्या एका रुग्णालयांत तीन मुलांच्या शरीरांत बसविलेल्या स्प्रिंगा त्या कामासाठीं मान्यता नसलेल्या होत्या. पालकांनीं व त्यांच्या संघटनांनीं स्वतंत्र सार्वजनिक चौकशीची मागणी केली, यांत नवल तें काय?

कोणी म्हणेल कीं, शस्त्रक्रिया म्हणजे कांहीं कापडाचा तागा नव्हे, मागितला कीं फाडून दिला. हें आम्हांसही मान्य आहे. अशा एका शस्त्रक्रियेस पुष्कळदां दिवसाचा मोठा भाग लागतो. कुशल शल्यवैद्य, भूल देणारे डॉक्टर, शिकलेल्या परिचारिका, अतिदक्षता विभागांतील रिकामी खाट, हें सर्व एकाच दिवशीं जुळून यावें लागतें. थंडींत तांतडीचे रोगी वाढले कीं ठरलेली तारीख पुढें जाते. जे डॉक्टर अशा स्थितींत राबतात त्यांना दोष देण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्यानें मुदत बोलून दाखविली त्याला या अडचणी आधीं ठाऊक असावयास हव्या होत्या, आणि मुदत चुकली त्या दिवशीं त्यानें लोकांपुढें उभें राहून कारण सांगावयास हवें होतें. मंत्री खात्याकडे बोट दाखवितो, खातें रुग्णालयाकडे, रुग्णालय पुनः पैशाकडे. अशा बारभाईंच्या कारभारांत मुलाच्या बापानें जाब विचारावा तरी कोणास?

उत्तरदायित्व म्हणजे सूड नव्हे. त्याचा अर्थ साधा आहे. प्रत्येक मुदतीमागें एक जबाबदार माणूस असावा. मुलास तज्ज्ञाकडे पाठविलें त्या दिवसापासून दिवस मोजावे; शस्त्रक्रियेच्या यादींत नांव चढल्यापासून नव्हे. आईबापांस कळविल्यावांचून कोणाचेंही नांव यादींतून काढूं नये. आणि नुसती किती मुलें थांबलीं एवढेंच न छापतां, थांबल्यामुळें किती मुलांचा बांक वाढला, हेंही छापावें. यादी लहान झाली म्हणजे मुलें बरीं झालीं असें होत नाहीं.

आपल्या देशांतही २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते, आणि उपजत व्यंग आढळल्यास मुलास पुढील उपचारांसाठीं पाठविण्याची योजना आहे. पालकहो, आपल्या मुलास असें कोठें पाठविलें, तर तारीख लिहून घ्या, जबाबदार अधिकाऱ्याचें नांव लिहून घ्या, आणि तारीख टळली तर नम्रपणें पण निश्चयानें विचारा. ज्याचें नांव कोणत्याच कागदावर नाहीं, त्याचा खोळंबा कोणाच्याही हिशेबांत येत नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतीलच कांहीं उद्यां डॉक्टर, हिशेबनीस व अधिकारी व्हाल. तुमच्या मेजावर एखादी यादी येईल. तींतील प्रत्येक ओळ म्हणजे एक वाढतें मूल आहे, हें ध्यानांत ठेवा. ज्या दिवसाचा शब्द द्याल, तो दिवस पाळा. पाळतां न आला, तर त्याच दिवशीं त्या मुलाच्या घरीं स्वतः कळवा.