रक्तदाब एकाचा, मीठ घराचे

रक्तदाबाच्या रुग्णाला मिठाबद्दल विचारले की आमच्या बाह्यरुग्ण विभागात ठरलेले उत्तर मिळते : ‘वरून मीठ घेत नाही, डॉक्टर.’ नाचणगाव, पुलगाव, देवळीकडून येणारी बहुतेक माणसे हेच सांगतात, आणि ते खरेही असते. पण वरून घेतलेले मीठ हा एकूण हिशेबाचा लहानसा भाग. बाकीचे भाजी, वरण, ठेचा, लोणचे, पापड आणि तर्री-पोह्यांवरची शेव यांतून आधीच पोटात गेलेले असते. कुणी मीठ तव्यावर भाजून घेतात, कुणी सैंधव आणतात. भाजल्याने सोडियम उडून जात नाही आणि सैंधवातही ते जवळपास तेवढेच असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभर मीठ खावे. भारतीयांचे सरासरी प्रमाण ८ ग्रॅमच्या आसपास आहे. आपल्या घरचे प्रमाण तपासण्याची सोपी रीत आहे. चौघांच्या घरात एक किलोचा पुडा किमान ५० दिवस पुरला पाहिजे. तो महिन्यातच संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज ८ ग्रॅमहून जास्त मीठ जाते आहे. बाहेरच्या खाण्यातले मीठ त्यात धरलेलेच नाही.

जास्तीचे सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. रक्ताचे आकारमान वाढते, रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो आणि तो वर्षानुवर्षे हृदय, मूत्रपिंड व मेंदूला झिजवतो. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. हा शहरी आजार आहे, हा समजही चुकीचा. २०११ ते २०१३ या काळात ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी गडचिरोलीतील ८६ गावांमधील मृत्यूंचा अभ्यास केला. तेथे पक्षाघात हेच मृत्यूचे पहिले कारण निघाले, सुमारे सात मृत्यूंमागे एक. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण आहे वाढलेला रक्तदाब.

आपण चुकतो ते इथे : रक्तदाब एकाचा म्हणून पथ्यही एकाचे. घरात भाजी एकच शिजते. आजीसाठी वेगळी अळणी भाजी चार दिवस होते, पाचव्या दिवशी ती सगळ्यांचीच खाते. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत आजारी कस्तुरबांना मीठ व डाळी सोडण्याचा आग्रह केला. त्या तयार होईनात, तेव्हा गांधींनी स्वतःच वर्षभरासाठी दोन्ही सोडले. एवढे टोक गाठायचे कारण नाही, पण पथ्य सोबतीने पाळायचे असते हे त्यातून घेण्यासारखे आहे.

म्हणून मीठ पातेल्यातच कमी करावे. पहिल्या आठवड्यात थोडे, नंतर आणखी थोडे. काही आठवड्यांत जिभेला सवय होते. लिंबू, आमसूल, लसूण, कोथिंबीर यांनी चव भरून निघते. कणकेत मीठ घातलेच पाहिजे असे नाही. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. जे वापराल ते आयोडीनयुक्तच असावे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबतही. तेव्हा आधी डॉक्टरांना विचारावे.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने मीठ जाते, म्हणून रोज मीठ घातलेला मठ्ठा प्यावा असे रक्तदाबाच्या रुग्णांनाही वाटते. बहुतेकांना जेवणातले मीठ पुरते. जुलाब-उलट्या वा ऊन लागल्यास ओआरएस घ्यावे व दवाखाना गाठावा.

मीठ कमी केले म्हणून गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. सरकारी दवाखान्यात तो मोफत मोजतात. आणि आज घरात मिठाचा नवा पुडा फोडाल, तेव्हा त्यावर तारीख लिहून ठेवा.