झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे म्हणून आपण घरातील पुष्कळ उणिवा झाकतो व चार लोकांत अब्रू राखतो. परंतु त्या मुठीत लेकरांचे अश्रू असतील, तर ती झाकून ठेवणे शहाणपण नव्हे, ते पाप होय. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात जे घडले, ते वाचकांनी याच दृष्टीने पाहावे, अशी आमची विनंती आहे.

त्या देशाची राजधानी लिमा येथे १९७१ साली लुइस फर्नांदो फिगारी या प्रापंचिक गृहस्थाने ‘सोदालिसियो’ हा कॅथलिक संघ स्थापिला. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यास मान्यता दिली. बाहेरून शिस्त व भक्ती दिसे. आत मात्र आज्ञापालनाच्या नावाखाली कोवळ्या तरुणांची मने मोडली जात, शरीरास क्लेश दिले जात, आणि कित्येकांवर लैंगिक अत्याचारही झाले. २००० साली एका माजी सदस्याने हे छापून सांगितले. पण ऐकतो कोण?

पुढे पेद्रो सालिनास व पाओला उगास या पत्रकारांनी पीडितांच्या जबान्या धीराने गोळा केल्या आणि २०१५ साली ‘अर्धे संन्यासी, अर्धे सैनिक’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. सालिनास स्वतः पूर्वी त्याच संघात होते. या श्रमाचे फळ काय मिळाले? कोर्टकचेऱ्या! २०१९ साली सालिनास यांना अब्रूनुकसानीबद्दल दोषी ठरविण्यात आले. फिर्यादी होते पिउराचे तत्कालीन आर्चबिशप, त्याच संघाचे सदस्य. पुढे त्यांनी फिर्याद मागे घेतली. उगासबाईंनाही अनेक खटल्यांस तोंड द्यावे लागले.

अशा लेखकांना ख्रिस्तसभेचे वैरी ठरविण्याचा मोह भाविकांना सहज होतो. पण रोमने काय केले? पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली उगासबाईंना भेट दिली, २०२३ साली दोन चौकशी अधिकारी लिमास धाडले. २०२४ साली फिगारींची संघातून हकालपट्टी झाली, आणि २०२५ साली तो संघच विसर्जित करण्यात आला. गळू फोडणारा वैद्य रोग्याचा वैरी नसतो, हेच यातून सिद्ध झाले.

मातापित्यांनो, आपले मूल उद्या एखाद्या आप्ताविषयी, शिक्षकाविषयी, किंवा धर्मगुरूविषयीही अडखळत काही सांगू लागले, तर ‘गप्प बैस, लोक काय म्हणतील?’ असे म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. त्याला जवळ घ्या, त्याचे सारे बोलणे ऐकून घ्या, आणि न्याय मागण्यास त्याच्याबरोबर चला. लोक काय म्हणतील ते म्हणोत. देव त्या लेकराचाच कैवार घेईल.