विद्यापीठाच्या दारातील चर्चपुढे पेच

१५१७ मध्ये चर्चमधील रूढ व्यवहारांना आव्हान देणारे मार्टिन ल्यूथर हे विटेनबर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंथाला अमेरिकेत मात्र विद्यापीठात गेलेली आपली मुले टिकविण्यासाठी शतकभर धडपडावे लागले आहे.

जर्मनी व स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या ल्यूथरनांनी तेथे स्वतःची महाविद्यालये काढली. तथापि, १८६२ च्या मॉरिल कायद्यानंतर सरकारी विद्यापीठांचा विस्तार झाला आणि पंथातील मुलेही तिकडे वळली. तेव्हा चर्चनेच विद्यार्थ्यांपर्यंत जावे, या विचारातून १९०७ मध्ये मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी हॉवर्ड गोल्ड या पाद्रींची नेमणूक झाली. १९२२ मध्ये विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना शिक्षणासाठी साह्य मिळू लागले, विद्यापीठे भरली आणि या कार्याची गरजही वाढली.

१९८८ मध्ये तीन ल्यूथरन चर्चच्या विलीनीकरणातून ‘इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका’ कार्यरत झाले, तेव्हा त्याचे ५० लाखांहून अधिक सभासद होते. २०२२ पर्यंत ही संख्या ३० लाखांच्या खाली आली. सभासद घटले की देणग्या घटतात आणि झळ बसते ती स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या कामांना. विद्यार्थ्यांकडे देण्यास पैसा नसतो आणि चार वर्षांत ते निघूनही जातात. परंतु घर सोडलेल्या तरुणाचे चर्चशी नाते तुटते, तेही याच वयात. हे दार बंद केल्यास आजचा खर्च वाचेल. उद्याचा सभासद मात्र गमवावा लागेल.