पटाशीचा सेट नको, दोनच घ्या पण खऱ्या घ्या



आज पिकाचं नाही, पटाशीचं बोलू. तुम्ही म्हणाल, हे सुताराचं काम. पण गावात सुतार उरलेत किती? रुमणं मोडलं, दिंड उकललं तर आता बरेच जण स्वतःच करत बसतात. म्हणून लिहितोय.

दोन वर्षांमागं मी ऑनलाइन सहा पटाश्यांचा सेट मागवला. पाती चकचकीत, मुठी पिवळ्या, आणि किंमत एका चांगल्या पटाशीएवढी. उन्हाळ्यात त्यानंच कुळवाच्या नव्या बाभळीच्या दिंडाला जानवळांची भोकं पाडली. दहा-बारा घाव झाले की धार मुडपायची. मुडपलेली धार लाकूड कापत नाही, चेंगरते. मग आपण जोर लावतो, पटाशी तिरकी जाते, भोक तोंडाशी पसरट होतं. मी पाचरी ठोकून वेळ मारून नेली. मृगाचा पाऊस झाला, वापसा आला, आणि दुसऱ्याच तासाला जानवळ निसटलं. दुरुस्तीत दोन दिवस गेले, तोवर परत पाऊस. पेरणी आठ दिवस मागं पडली. पटाशी स्वस्त पडली असं आता कोणत्या तोंडानं म्हणू?

माझं मत सरळ आहे. हातानं सांधा करायचा तर सेट घेऊ नका. त्याच पैशात दोनच घ्या: एक 4 सुताची, एक 8 सुताची, म्हणजे अर्धा इंच आणि एक इंच. भोक पाडायला पहिली, कूस साफ करायला दुसरी. भोकाची रुंदी पटाशीच्या रुंदीएवढीच धरा, म्हणजे बाजू सरळ उतरतात. बाभळीसाठी जाड पात्याची घ्या. कडा उतरत्या केलेली पातळ पटाशी खिडकी-पेटीच्या नाजूक सांध्याला चांगली, पण खोल भोकात तिनं उचकटलं तर तुकडा उडतो.

दुकानात काय बघायचं?

पहिलं, पाठ. पात्याच्या सपाट बाजूवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि उजेडाकडं बघा. टोकाजवळच्या इंचभर भागात फट दिसली तर ठेवून द्या. पाठ सपाट नसेल तर धार कितीही लावा, पटाशी सरळ चालत नाही.

दुसरं, पाणी. दुकानदार हो म्हणाला तर टोकाजवळ कडेला बारीक कानस फिरवा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे. सहज चावली तर मऊ.

तिसरं, मूठ. पातं आणि मूठ एका रेषेत हवी. मूठ लाकडी असेल आणि ठोकायचं काम असेल तर माथ्यावर लोखंडी कडं पाहिजे, नाहीतर मूठ फुटते.

चकाकी बघू नका. ती पॉलिशची असते.

गावात जाणता लोहार असेल तर त्याच्याकडं जुन्या गाडीच्या पाट्याची पटाशी करून घ्या. ते पोलाद चिवट असतं. मात्र त्याला नीट पाणी देता आलं पाहिजे. खरं काम तिथंच आहे.

आणि चांगली पटाशी घेऊन ग्राइंडरवर दाबून धरली तर सगळं मातीत. धार निळी पडली की त्या जागचं पाणी उतरलं. थोडं घासा, पाण्यात बुडवा, परत घासा. शेवटची धार दगडावरच. बाभळीला 30 अंशाचा उतार ठेवा. मोजायला यंत्र नको: पात्याच्या जाडीच्या दुप्पट उताराची लांबी आली की 30 अंश झाले. सागाला थोडा कमी चालतो.

काहीजण म्हणतील, आता लोखंडी औजारं आहेत, कशाला हा खटाटोप? ज्यांच्याकडं आहेत त्यांचं बरोबर. पण ज्याच्या दावणीला अजून बैलजोडी आहे, त्याचं औत ऐन वापशात मोडलं तर वेल्डिंगवाला कामी येत नाही. तिथं लाकूड, हात आणि धार लागते.

तेव्हा पाऊस पडायच्या आधी घरातली पटाशी एकदा काढून बघा. अंगठ्याच्या नखावर हलकी टेकवा. घसरली तर ती धार नाही. जागच्या जागी थांबली तर या साली तुमचं काम अडायचं नाही.