परवानगी आधी, बदल नंतर

अमेरिकेतील विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले, वकिलातीतील मुलाखत पार पडली आणि पासपोर्टवर एफ-१ व्हिसा उमटला की घरात पेढे वाटले जातात. अवघड टप्पा संपला, आता केवळ अभ्यास उरला, अशी पालकांची समजूत होते. वस्तुतः व्हिसा हा अमेरिकेच्या दारापर्यंत नेणारा परवाना आहे. आत गेल्यानंतर तेथे राहण्याचा हक्क ज्यावर अवलंबून असतो, त्यास विद्यार्थ्याचा दर्जा म्हणतात. पासपोर्टवरील व्हिसाची मुदत कित्येक वर्षांची असली तरी दर्जा एका सत्रात गमावता येतो. उलटपक्षी, शिक्षण चालू असताना व्हिसाची मुदत संपली, परंतु दर्जा शाबूत राहिला, तर विद्यार्थी तेथेच राहून अभ्यास पुढे चालू ठेवू शकतो. मात्र देशाबाहेर गेल्यास परत येण्यासाठी त्याला बहुधा नवा व्हिसा घ्यावा लागतो. हा भेद ज्या कुटुंबांस उमगला, त्यांची निम्मी चिंता मिटली असे म्हणता येईल.

दर्जाची नोंद ठेवणारी खातेवही म्हणजे ‘सेव्हिस’ ही संगणकीय प्रणाली. सन २००३ पासून ती वापरात असून अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याकडे तिचे नियंत्रण आहे. या वहीत नोंदी करण्याचे काम मात्र सरकारी कारकुनाकडे नसून विद्यापीठातीलच एका नियुक्त अधिकाऱ्याकडे असते. त्यास ‘डीएसओ’ असे संक्षिप्त नाव आहे. प्रवेशाच्या वेळी मिळालेला आय-२० हा दस्तऐवज त्याच कार्यालयातून निघतो. प्रत्येक सत्राच्या नोंदणीची मुदत संपल्यावर ३० दिवसांच्या आत विद्यार्थ्याने पुरेसे विषय घेतले आहेत की नाहीत, हे डीएसओला सेव्हिसमध्ये नोंदवावे लागते. दर्जा पाळला गेला नाही असे कळल्यास २१ दिवसांच्या आत तशी नोंद करणे हे त्याचे कर्तव्य ठरते. अधिकारी कितीही सहृदय असला तरी झालेली चूक झाकून ठेवण्याची मुभा त्याला नाही. त्यात कसूर झाली तर विद्यापीठाची मान्यताच धोक्यात येते.

आता मूळ नियम पाहू जाता तो साधा आहे. पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिटचे विषय घेतले पाहिजेत. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी पूर्णवेळ म्हणजे किती, हे विद्यापीठ ठरवते. पुष्कळ ठिकाणी हा आकडा ९ क्रेडिटचा असतो. गुणांकनाविना केवळ श्रोता म्हणून बसलेला विषय या बेरजेत धरला जात नाही. ऑनलाइन शिकवला जाणारा एकच विषय, तोही ३ क्रेडिटपर्यंत, प्रत्येक सत्रात हिशेबात येतो. म्हणजे १२ क्रेडिटपैकी किमान ९ क्रेडिट प्रत्यक्ष वर्गात बसून मिळवावे लागतात. एखादा विषय दुसऱ्या मान्यताप्राप्त महाविद्यालयात, कमी फीमध्ये घेऊन दोन्हींची बेरीज पूर्णवेळ करता येते. परंतु तीही डीएसओच्या संमतीने.

करोनाच्या काळात ऑनलाइन विषयांची ही मर्यादा शिथिल झाली होती, आणि त्या आठवणीमुळे अनेक घरांत अद्यापही संभ्रम दिसतो. त्या काळातही प्रकरण सरळ नव्हते. ६ जुलै २०२० रोजी अमेरिकी प्रशासनाने असे जाहीर केले की, ज्यांचे सर्व वर्ग ऑनलाइन होणार आहेत अशा परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा किंवा अन्य विद्यापीठात जावे. हार्वर्ड आणि एमआयटी या संस्थांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि १४ जुलै रोजी तो निर्णय मागे घेण्यात आला. ती सवलत आता इतिहासजमा झाली असून जुनाच नियम लागू आहे. मोठ्या भावाला त्या वर्षी जे चालले, ते धाकट्या बहिणीला आज चालेलच असे मानू नये.

नियम इतका सोपा असताना विद्यार्थी अडचणीत का येतात? उत्तर असे की, नियम मोडण्याच्या हेतूने फारच थोडे मोडतात; बहुतेकांच्या बाबतीत क्रम चुकतो. समजा, एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा पहिल्याच सत्रात चार विषय घेतो. त्यांतील गणिताचा विषय त्याला जड जातो आणि नापास होण्यापेक्षा तो सोडावा असे त्याला वाटते. विषयनिवडीस मार्गदर्शन करणारे प्राध्यापक आनंदाने होकार देतात, कारण अमेरिकी विद्यार्थ्यांच्या बाबतीत यात काही गैर नसते. संगणकावर एक कळ दाबली की विषय नोंदणीतून जातो. मुलाकडे आता ९ क्रेडिट उरतात आणि त्या क्षणी तो नियमभंगाच्या बाजूला उभा राहतो. प्राध्यापकांचा होकार हा अभ्यासापुरता असतो, दर्जासाठी लागणारी संमती डीएसओचीच. मुनिमाने मान डोलावली म्हणून पेढीच्या मालकाची सही झाली असे होत नाही, तसाच हा प्रकार.

दुःखाची बाब ही की, त्याच मुलाने विषय सोडण्याच्या आदल्या दिवशी डीएसओची भेट घेतली असती, तर बहुधा संमती मिळाली असती. विषय कमी करण्यास मान्य असलेली कारणे नियमांतच दिलेली आहेत. इंग्रजी भाषेची किंवा वाचनाची सुरुवातीची अडचण, अमेरिकी अध्यापनपद्धतीचा अपरिचय, अथवा चुकीच्या पातळीच्या विषयात झालेली नेमणूक, ही शैक्षणिक कारणे होत. त्यांसाठी एका पदवीच्या काळात एकदाच सवलत मिळते, किमान ६ क्रेडिट अथवा पूर्णवेळ अभ्यासाचा निम्मा भाग तरी ठेवावाच लागतो आणि पुढील सत्रात पूर्णवेळ नोंदणी करावी लागते. आजारपणाचे कारण असेल तर परवानाधारक डॉक्टरांचे किंवा मानसोपचार क्षेत्रातील परवानाधारक तज्ज्ञांचे पत्र लागते. त्यावरून एका पदवीच्या काळात एकूण १२ महिन्यांपर्यंत विषय कमी करता येतात, प्रसंगी एकही विषय न घेता राहता येते. शेवटच्या सत्रात पदवीसाठी जेवढे विषय उरले असतील तेवढेच घेतले तरी चालते. मात्र एकच विषय उरला असेल तर तो संपूर्ण ऑनलाइन असून चालत नाही. या प्रत्येक सवलतीस एकच अट समान आहे : परवानगी आधी, बदल नंतर.

या यादीत एक कारण नाही, आणि व्यापारी कुटुंबांनी नेमके तेच ध्यानात ठेवावयास हवे. पैशाची चणचण हे विषय कमी करण्यास मान्य कारण नाही. फी कमी व्हावी म्हणून दोनच विषय घेतले, उरलेले पुढच्या सत्रात घेऊ, असे चालत नाही. व्यापारात पैसा असतो, पण तो पुष्कळदा मालात आणि येण्यात अडकलेला असतो. आय-२० साठी बँकेचा दाखला दिला त्या दिवशी शिल्लक असलेली रक्कम सहा महिन्यांनी मालाच्या खरेदीत गेलेली असू शकते. उधारी वसूल झाली की फी भरू, दहा-पंधरा दिवसांनी काय बिघडते, असा विचार पेढीवर स्वाभाविक असतो. विद्यापीठाकडे मात्र फी थकली की नोंदणी अडवली जाते किंवा रद्द होते. नोंदणी गेली की क्रेडिट गेले, आणि क्रेडिट गेले की दर्जाचा प्रश्न उभा राहतो. इकडील पंधरा दिवसांची उधारी तिकडे मुलाच्या भवितव्यावर येते.

पैसे पाठवण्याच्या बाबतीतही काही गोष्टी आगाऊ माहीत असाव्यात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. ही योजना व्यक्तींसाठी आहे; भागीदारी पेढी, कंपनी किंवा अविभक्त हिंदू कुटुंब यांना ती उपलब्ध नाही. सबब दुकानाच्या चालू खात्यातून थेट फी पाठवण्याचा बेत केला असेल तर तो ऐनवेळी फसतो. रक्कम आधी वडिलांच्या, आईच्या किंवा अन्य व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यात रीतसर यावी लागते; त्यासाठी पॅन आवश्यक असतो. मोठ्या रकमेवर स्रोतावर कर गोळा होतो, त्याची तरतूद वेगळी ठेवावी. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्राची आणि जानेवारीच्या सत्राची फी एकाच आर्थिक वर्षात येते, हेही विसरू नये. शैक्षणिक कर्ज घेतले असेल तर बँक सत्रागणिक, विद्यापीठाचे मागणीपत्र पाहून रक्कम सोडते. ते पत्र मुलाने फीच्या मुदतीपूर्वी तीन-चार आठवडे पाठवले तर धावपळ होत नाही. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे पुढील एका सत्राची फी व्यवसायापासून अलग, मुदत ठेवीत ठेवणे. मालाचा कितीही चांगला सौदा समोर आला तरी त्या ठेवीस हात लावू नये.

पैसा कमी पडला की दुसरा मोह कामाचा होतो. वर्ग चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेर, परवानगीवाचून, एक तासही नाही. ओळखीच्या गृहस्थाच्या दुकानात गल्ल्यावर बसणे आपल्या घरांत संस्कार मानले जाते. तिकडे ते अनधिकृत काम ठरते. रोकड घेतली म्हणून ते लपत नाही आणि पगार घेतला नाही म्हणून ते निर्धोकही होत नाही. खरोखरच अनपेक्षित आर्थिक संकट आले, उदाहरणार्थ वडिलांचा व्यवसाय बुडाला किंवा चलनाचा दर फार घसरला, तर एक शैक्षणिक वर्ष पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यास डीएसओच्या शिफारशीने आणि स्थलांतर खात्याच्या मंजुरीने आवाराबाहेर काम मागता येते. तोही मार्ग आधी अर्ज करूनच खुला होतो.

तिसरा प्रसंग घरच्या निकडीचा. अमेरिकेतील शिशिर सत्र साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालते. दिवाळी आणि आपल्याकडील लग्नसराईचे पहिले मुहूर्त नेमके याच काळात येतात. चार दिवसांसाठी येऊन जाणे निराळे. परंतु वडिलांचे आजारपण किंवा दुकानाची अडचण यांसाठी मुलाला सत्र अर्धवट सोडून बोलावले, तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्याने डीएसओला कळवलेच पाहिजे. संमतीने सत्र सोडणाऱ्यास निघण्यासाठी १५ दिवस मिळतात आणि त्याच्या नोंदीस डाग लागत नाही. पाच महिन्यांच्या आत परतल्यास जुनी नोंद पुन्हा चालू होण्याची वाट असते; त्याहून अधिक काळ लोटला तर सामान्यतः नवा आय-२० आणि सेव्हिसचे शुल्क यांपासून आरंभ करावा लागतो. न सांगता निघून गेलेल्यास पहिला मार्ग कठीण होतो. नियमभंगामुळे नोंद बंद झाली तर सवलतीचा एकही दिवस मिळत नाही; एरवी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास आवराआवरीसाठी ६० दिवस मिळतात.

दर्जा गेलाच तर सर्व संपले असे नाही. पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो. तो सर्वसाधारणपणे दर्जा गेल्यापासून पाच महिन्यांच्या आत करावा लागतो. चूक आपल्या आवाक्याबाहेरील परिस्थितीमुळे झाली, किंवा डीएसओने संमती दिली असती अशाच स्वरूपाची ती होती आणि अर्ज नामंजूर झाल्यास अतोनात हानी होईल, हे दाखवावे लागते. वारंवार नियमभंग झालेला नसावा आणि अनधिकृत काम केलेले नसावे. अर्जाचा निकाल अधिकाऱ्याच्या विवेकावर असतो. म्हणून चूक ध्यानात येताच मुलाने त्याच दिवशी डीएसओकडे जावे. ‘घरी कळले तर काय’ या भीतीने गेलेला प्रत्येक आठवडा त्या पाच महिन्यांतून वजा होतो.

येथे पालकांचा वाटा मोठा आहे. मुले बहुधा विषय जड जातो हे सांगण्यास संकोचतात, कारण घरातून लाखो रुपये गेलेले त्यांना ठाऊक असते. दर सत्राच्या आरंभी घरातून तीन प्रश्न शांतपणे विचारले जावेत : किती क्रेडिट घेतले आणि त्यांतील ऑनलाइन किती, फी भरण्याची शेवटची तारीख कोणती, आणि डीएसओच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक घरी लिहून ठेवला आहे काय. राहण्याचा पत्ता बदलला तर १० दिवसांत विद्यापीठास कळवावे लागते, याचीही आठवण द्यावी. हे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून शेवटचा शब्द नातेवाइकांचा किंवा एजंटाचा न मानता डीएसओचा मानावा. आणि एखाद्या रात्री मुलगी फोनवर म्हणाली की एक विषय झेपत नाही, तर तिला पैशाचा हिशेब ऐकवू नये. उद्या सकाळी विषय सोडण्याआधी त्या कार्यालयात जाऊन ये, एवढेच सांगावे.