दत्तक कोणासाठीं ?

सावंतवाडीच्या बाजारांतील लांकडी खेळण्यांचीं दुकानें महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचीं आहेत. गेल्या हिवाळ्यांत अशाच एका दुकानांत मी उभा असतां एक मध्यमवयीन परदेशी जोडपें तेथें आलें. खेळणीं घेऊन झाल्यावर त्या बाईंनीं मला इंग्रजींत विचारलें कीं, आपण मराठी आहांत काय? मी होय म्हणतांच त्यांनीं आपली अडचण सांगितली. घाटावरील एका शहरांतील बालगृहांत सात वर्षांचा एक मुलगा आहे. तो त्यांचा मुलगा व्हावयाचा आहे. त्याला भेटावयास तीं दोघें निघालीं होतीं. गोव्यास विमानांतून उतरून मधले दोन दिवस तीं येथें थांबलीं होतीं. मुलाला मराठीवांचून दुसरी भाषा येत नाहीं. तेव्हां पहिल्या भेटींत त्याला काय म्हणावें, तें कोणी शिकवील काय? मीं त्यांस एक वाक्य दिलें, "आम्ही तुला भेटायला आलों." 'भेटायला' ह्या शब्दावर बाईंची जीभ पुनःपुन्हां अडखळे. तरी दुकानांतून निघेपर्यंत त्यांनीं तें वाक्य सोडलें नाहीं.

तीं गेल्यावर माझ्याबरोबरच्या दोघां सुशिक्षित गृहस्थांनीं जे उद्गार काढले, ते ह्या लेखास कारण झाले आहेत. एक म्हणाले, "पाहा, आपलीं मुलें हे लोक घेऊन चालले!" दुसरे म्हणाले, "काय थोर मन हें! आपल्यांत कोणाला जमेल?" वरवर पाहतां हे उद्गार परस्परविरोधी आहेत. माझ्या मतें दोहोंचा हेतु एकच, आणि तो म्हणजे स्वतःकडे पाहण्याचें टाळणें.

पहिला उद्गार आधीं घेऊं. परदेशी माणसें येऊन आपलीं मुलें उचलून नेतात, ही समजूत एके काळीं सर्वस्वीं निराधार नव्हती. १९८२ सालीं लक्ष्मीकांत पांडे ह्या वकिलांनीं परदेशी दत्तकांतील गैरप्रकारांसंबंधीं सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें. न्यायालयानें त्या पत्रासच अर्ज मानलें, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजीं न्यायमूर्ति भगवती ह्यांनीं निकाल देतांना असा दंडक घातला कीं, मुलासाठीं प्रथम देशांतच घर शोधावें. तें न मिळाल्यासच परदेशाचा विचार करावा. १९९३ च्या हेग येथील कराराचेंही हेंच तत्त्व असून भारतानें त्यास २००३ सालीं मान्यता दिली. आजच्या नियमांनुसार मुलाची माहिती प्रथम देशांतील व परदेशस्थ भारतीय कुटुंबांपुढें ठेवितात. ठराविक मुदतींत कोणी हात पुढें केला नाहीं, म्हणजे ती परदेशी कुटुंबांस दाखविली जाते. अर्थात् दुकानांत भेटलेलें तें जोडपें ज्या मुलाकडे निघालें होतें, त्या मुलावरून आपली सगळी रांग आधींच पुढें निघून गेली होती. आपण नाकारलेल्या मुलास 'आपलें' म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

आणि ही रांग लहान नाहीं. दत्तकासाठीं नांव नोंदवून तिष्ठत राहिलेलीं कुटुंबें ह्या देशांत तीस हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांतील कित्येकांस तीन तीन वर्षें वाट पाहावी लागते. उलट २०२४-२५ ह्या वर्षांत एकूण ४,५१५ मुलें दत्तक गेलीं. पैकीं ४,१५५ देशांत राहिलीं व उरलेलीं सुमारें साडेतीनशें समुद्रापार गेलीं. इतकीं घरें रिकामीं असतां हीं साडेतीनशें कां गेलीं? कारण रांग मुलासाठीं लागलेलीच नाहीं. ती लागली आहे दोन वर्षांच्या आंतील, निरोगी, आणि शक्य तर आपल्या रंगारूपाशीं जुळणाऱ्या अर्भकासाठीं. ज्याला बोलतां येतें, ज्याला मागचें आठवतें, ज्याचा पाय अधू आहे किंवा जो धाकट्या बहिणीचा हात सोडावयास तयार नाहीं, अशा मुलाशीं त्या रांगेचें कांहीं कर्तव्य नाहीं.

ह्या वृत्तीचें मूळ आपल्या परंपरेंत आहे. दत्तक हा विषय आपणांस नवा नाहीं; परंतु आपलें दत्तविधान मुलाच्या सोयीसाठीं कधींच नव्हतें. तें पिंडासाठीं होतें, वतनासाठीं होतें, गादीसाठीं होतें. ह्याच सावंतवाडीचें उदाहरण घ्या. १८०३ सालीं खेमसावंत वारले व गादीचा तंटा माजला. १८०५ सालीं राणी लक्ष्मीबाईंनीं रामचंद्र सावंत ऊर्फ भाऊसाहेब ह्या बालकास दत्तक घेतलें. तीन वर्षें लोटतात न लोटतात तोंच अंथरुणांत गळा दाबून त्याचा जीव घेण्यांत आला, आणि फोंडसावंत ह्या दुसऱ्या अल्पवयी मुलास त्याच्या जागीं बसविलें. रिकामी जागा भरावयाची होती, ती भरली! १८७५ सालीं बडोद्याच्या जमनाबाईंनीं कवळाण्याच्या गोपाळास निवडलें आणि त्यांतून सयाजीराव महाराज लाभले, हें खरें. पण तेथेंही मुलगा गादीसाठीं शोधला, मुलासाठीं घर कोणीं शोधलें नव्हतें. १९५६ च्या कायद्यानें मुलगी दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा केला, आणि आज मुलांहून मुलीच अधिक दत्तक जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. ह्यावरून मन बदलूं शकतें हें सिद्ध होतें. पण तें पुरतें बदललें असें मात्र सिद्ध होत नाहीं. गादी गेली, तरी रिकामी जागा आपल्याच मापानें भरण्याची हौस गेलेली नाहीं.

वाचकांनीं असें समजूं नये कीं, हें मी काठावर उभा राहून लिहीत आहें. वीस वर्षांपूर्वी आम्ही पतिपत्नी एका संस्थेंत गेलों होतों. तेथील बाईंनीं आम्हांस सहा वर्षांचा एक मुलगा भेटविला. तो चालतांना एक पाय ओढीत असे. त्यानें आपण होऊन पाटी आणली, तीवर स्वतःचें नांव लिहून मला दाखविलें, आणि मीं वाचलें कीं नाहीं हें तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "विचार करून कळवितों," असें सांगून आम्ही बाहेर पडलों. आणि कळविलें नाहीं. पुढें दुसऱ्या संस्थेंतून चार महिन्यांची मुलगी आमच्या घरीं आली. ती आमच्या घराचा प्राण आहे. तिच्याविषयीं मला कांहीं सांगावयाचें नाहीं. त्या मुलास मात्र कांहीं वर्षांनीं एक परदेशी जोडपें घेऊन गेल्याचें कानावर आलें. तेव्हां मीही म्हटलें होतें, "काय थोर मन हें!" त्या उद्गारांत कौतुक थोडें होतें, पुष्कळशी सुटकाच होती.

म्हणून मला त्या दुसऱ्या गृहस्थांचें कौतुक पहिल्यांच्या संतापाहून अधिक घातक वाटतें. परक्यास देवत्व दिलें कीं आपणांस माणूसपणांतूनही सूट मिळते. शिवाय परदेशीं गेलेल्या प्रत्येक मुलाचें कोटकल्याणच झालें, असेंही नाहीं. नेदरलंड्सच्या सरकारनें नेमलेल्या समितीनें परदेशी दत्तकांची चौकशी करून २०२१ सालीं अहवाल दिला. भारतासह अनेक देशांतून आलेल्या मुलांच्या कागदपत्रांत खोटेपणा व गंभीर गैरव्यवहार तिला आढळले, आणि त्या सरकारनें अशीं दत्तकें तत्काळ थांबविलीं. सद्भावनेनें आलेल्या आईबापांसही खोट्या कागदावर खरें मूल मिळूं शकतें, आणि मोठेपणीं तें मूल त्या कागदाचा जाब विचारूं लागतें.

हा जाब कसा असतो, हें नागपूरकरांनीं पाहिलें आहे. नेदरलंड्समधील हेमस्टेड ह्या गांवाचे महापौर फाल्गुन बिन्नेनडाइक ह्यांचा जन्म १९८५ सालीं नागपुरास झाला. कमलाताई होस्पेट ह्यांनीं १९२१ सालीं स्थापिलेल्या मातृसेवासंघांत त्यांच्या आईनें त्यांना सोडलें. फाल्गुन महिन्याचें नांव त्यांना तेथील परिचारिकेनें दिलें, आणि एका डच दांपत्यानें त्यांस नेलें व वाढविलें. परक्या देशांत एवढा मान मिळवूनही हे गृहस्थ जन्मदात्रीच्या शोधार्थ नागपुरास आले. ह्यांत त्या दांपत्याविषयीं कृतघ्नता नाहीं. आपण कोण, हा प्रश्न प्रेमानें मिटत नाहीं, इतकेंच. त्यांच्या पालकांनीं तें नांव बदललें नाहीं, हें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे.

आपल्याकडे काय होतें? नांव बदलतें, गांव बदलतें, क्वचित् घरही बदलतें. शेजाऱ्यांस कळूं नये म्हणून. आम्ही मुलीला तिच्या जन्माची हकीगत लहानपणींच सांगितली, तेव्हां जवळच्या आप्तांनीं "काय गरज होती?" असें विचारलेंच. परदेशी पालकांस ही लपवाछपवी करतांच येत नाहीं; त्वचेचा रंगच तें सत्य सांगतो. आपणांस ती करतां येते, एवढाच आपला मोठेपणा काय?

परदेशी दत्तकाचें हें दार आतां हळूहळू अरुंद होत आहे. चीननें २०२४ सालीं तें जवळजवळ बंद केलें. युरोपांतील कांहीं राष्ट्रें स्वतःहून मागें सरत आहेत. उद्यां तें येथेंही मिटलें, तर पहिल्या गृहस्थांस आनंद होईल. पण त्या साडेतीनशें मुलांचें काय? दार मिटल्यानें त्यांस घर मिळत नाहीं; घर मिळावयाचें तर रांगेंतील कुटुंबांनीं आपल्या अर्जांतील वयाचा आंकडा वाढविला पाहिजे, अधू अवयवापुढची 'नको' ही खूण पुसली पाहिजे, आणि घरीं आलेल्या मुलास त्याचा मागला काळ निर्भयपणें परत दिला पाहिजे. ह्यांतील एकाही गोष्टीस थोर मनाची आवश्यकता नाहीं.

त्या परदेशी बाईंस जें वाक्य शिकण्यास अर्धा तास लागला, तें आपणां कोणास शिकावें लागत नाहीं. सात वर्षांचा तो मुलगा तें कित्येक वर्षें आपल्याच भाषेंत ऐकावयास बसला होता. आणि म्हणावयास घाट चढून कोणी गेलें नाहीं.