कपाटातलं साधन आणि बाळंतिणीचे दोन तास

बाळ रडलं, वार पडली, बाहेर नातेवाइकांनी एकमेकांना मुबारकबाद दिली, आणि तेवढ्यात आत बाळंतिणीच्या अंगावरून जास्त जायला लागलं. असं एखादं बाळंतपण बहुतेक घराण्यांत सांगितलं जातं. कुणी त्यातून वाचलेली असते. कुणाचं नाव नंतर घरात फारसं घेतलं जात नाही.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख स्त्रियांना तो होतो आणि सुमारे ७०,००० जणी त्यात दगावतात. वार पडल्यावर गर्भपिशवी मुठीसारखी आवळली गेली, की तिच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. ती सैल राहिली तर नळ उघडाच राहतो. उपचार मिळाला नाही तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत जाऊ शकते, आणि आपल्या बायका धडधाकट नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय होता. ज्या अंगात रक्तच कमी, तिथे अर्धा लिटर जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्रातलं मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२०मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं. त्या वेळी देशाचं ९७ होतं, आसामचं १९५. हा आकडा सांगून 'आपलं ठीक चाललंय' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सरासरीत धडगाव आणि दादर एकत्र मोजले जातात.

या अंकात मला बोलायचं आहे ते या दोन तासांत वापरायच्या साधनांबद्दल. त्यातल्या एका साधनाची गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असायलाच हवी, कारण ते एका बांगलादेशी मुस्लिम स्त्री डॉक्टरने घडवलं आहे. डॉ. सायेबा अख्तर ढाका मेडिकल कॉलेजमध्ये प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. गर्भपिशवीत आतून दाब देऊन रक्त थांबवणारे फुगे परदेशात मिळत, पण ते गरीब देशाच्या सरकारी दवाखान्याला परवडणारे नव्हते. डॉ. अख्तर यांनी निर्जंतुक केलेला निरोध रबरी कॅथेटरला दोऱ्याने बांधला, तो गर्भपिशवीत सरकवला आणि सलाईनने फुगवला. दोनशे ते पाचशे मिलिलिटर पाणी पुरतं. फुगा आतून भिंतीवर दाब देतो, रक्त थांबतं, आणि एक-दोन दिवसांनी तो हळूहळू रिकामा करून काढता येतो. २००३ साली त्यांनी २३ स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. सगळ्यांचा रक्तस्राव पंधरा मिनिटांत आटोक्यात आला होता. २०२०मध्ये बांगलादेश सरकारने त्यांना एकुशे पदक दिलं.

निरोध हा शब्द छापल्याबद्दल दोन-चार पत्रं येतील. येऊ देत. ज्या वस्तूचं नाव आपण घरात घेत नाही, ती बाईचा जीव आणि गर्भपिशवी दोन्ही वाचवू शकते, एवढं त्या पत्रलेखकांनी ध्यानात घ्यावं.

मात्र ही गोष्ट इथेच संपवली तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या गोष्टींसारखी होईल. पुढे जे घडलं ते जास्त महत्त्वाचं आहे. युगांडा, इजिप्त आणि सेनेगल या तीन देशांतल्या १८ रुग्णालयांत हे साधन टप्प्याटप्प्याने आणून त्याचा परिणाम तपासला गेला. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तस्रावामुळे मोठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण साधन आल्यावर घटलं नाही, उलट वाढलेलं दिसलं. त्याआधी बेनिन आणि माली इथल्या एका छोट्या चाचणीतही फुग्याचा फायदा दिसला नव्हता.

म्हणजे डॉ. अख्तर चुकल्या का? मला तसं वाटत नाही. ढाक्याच्या त्या विभागात फुगा लावणाऱ्या हाताला आधीचं सगळं करता येत होतं, आणि फुग्याने भागलं नाही तर शस्त्रक्रियेचं टेबल आणि रक्त जवळ होतं. तोच फुगा उचलून जिथे यातलं काहीच पक्कं नाही अशा ठिकाणी ठेवला, तर वेळ फुगा भरण्यात जातो, फाटलेल्या जागेतून किंवा आत राहिलेल्या वारेच्या तुकड्यामुळे रक्त वाहतच राहतं, आणि बाई पुढे पाठवायला उशीर होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फुग्याबद्दलची शिफारस सुधारली ती याच अंगाने. पहिले उपचार नेमाने होत असतील, रक्तस्रावाची इतर कारणं तपासून बाजूला केली असतील, लावणारी व्यक्ती प्रशिक्षित असेल, बाईवर सतत लक्ष राहील आणि गरज पडताच शस्त्रक्रिया व रक्त मिळेल, अशा ठिकाणीच फुगा वापरावा.

या अटी वाचून मला पहिल्यांदा राग आला होता. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्याकडून हेही काढून घ्यायचं? पण नीट पाहिलं तर ती मागण्यांची यादी आहे. साधन द्या, आणि त्याच्या पुढचं-मागचं सगळंही द्या.

मागचं म्हणजे काय? सगळ्यात आधी, किती रक्त गेलं ते कळणं. डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी निघतो. चादरीत, साडीत, बादलीत गेलेलं रक्त कोण मोजणार? याचं उत्तर आपल्या अगदी शेजारी, बेळगावात शोधलं गेलं. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी बाळंतिणीखाली पसरायचं, खाली नरसाळ्यासारखी पिशवी असलेलं आणि पिशवीवर मोजमापाच्या रेघा छापलेलं प्लास्टिकचं कापड तयार केलं. त्याच जिल्ह्याच्या खेड्यांत १,६२० स्त्रियांवर झालेला अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. बाळंतपणं केली होती साध्या ए.एन.एम. सिस्टरांनी. बाळ झाल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्यावर रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. ज्या सिस्टरांना 'तुम्ही फक्त डॉक्टरांना कळवा' असं सांगितलं जातं, त्यांच्याच हातून झालेलं हे काम आहे.

तेच मोजमापाचं कापड पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या मोठ्या अभ्यासात वापरलं गेलं. दोन लाखांहून जास्त बाळंतपणं, ८० रुग्णालयं, निष्कर्ष २०२३ साली. कापडाने रक्त मोजायचं, आणि मर्यादा ओलांडली की पोटावरून गर्भपिशवी चोळणं, ती आवळण्याचं औषध, ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं. एक करून बघू, मग दुसरं, असं नाही. यातला एकही उपचार नवा नव्हता. तरी गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया आणि त्यातले मृत्यू मिळून प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी झालं. पूर्वीच्या पद्धतीत जवळजवळ निम्म्या स्त्रियांचा रक्तस्राव वेळेत ओळखलाच जात नव्हता. माझ्या मते फुग्याच्या कौतुकापेक्षा हे वाक्य दोनदा वाचण्यासारखं आहे.

पुढचं साधन वाटेतलं. निओप्रीनचा जाड, वेलक्रोच्या पट्ट्यांचा एक पोशाख असतो. घोट्यापासून पोटापर्यंत तो घट्ट गुंडाळला, की पायांतलं आणि पोटातलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळतं आणि मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचायला वेळ मिळतो. तो पुन्हापुन्हा धुऊन वापरता येतो. इजिप्त आणि नायजेरियात त्याचे अभ्यास झाले. तमिळनाडूत तो सरकारी दवाखान्यांपर्यंत पोचवला गेला. पण काढायचा कसा हे ठाऊक नसेल तर तोच घात करतो. बाई मोठ्या रुग्णालयात पोचते, तिथे कुणाला हे काय आहे ते माहीत नसतं, आणि तपासायला अडचण नको म्हणून पट्ट्या भराभर सोडल्या जातात. मग रक्तदाब एकदम कोसळतो. खरं तर तो अंगावर असताना तपासणी होते, पोटाची पट्टी तेवढी उघडून शस्त्रक्रियाही होते. काढताना घोट्यापासून सुरुवात करून, एकेका पट्टीनंतर थांबून, नाडी आणि रक्तदाब बघत वर यायचं असतं. प्रशिक्षण फक्त पाठवणाऱ्या सिस्टरला देऊन चालत नाही, घेणाऱ्या डॉक्टरालाही द्यावं लागतं. शिवाय पोशाख परत पाठवायची सोय लागते, नाहीतर पुढच्या बाईसाठी तो नसतो.

गेल्या काही महिन्यांत मी वेगवेगळ्या ठिकाणच्या सिस्टरांशी बोलले. नावं आणि गावं लिहीत नाही, त्यांना नोटीस यायला नको. बहुतेकींचं प्रशिक्षण झालेलं होतं, एकदा, हॉलमध्ये, पडद्यावर चित्रं दाखवून. एका ठिकाणी साधनांचा संच कुलूपबंद होता आणि किल्ली स्टोअरच्या माणसाकडे, जो पाचला घरी जातो. बाळंतपणं रात्रीही होतात. एकीने सांगितलं की फुगा लावायला तिला येतं, पण काही बरंवाईट झालं तर 'कुणाला विचारून लावला' हे पहिलं विचारलं जाईल, म्हणून ती आधी फोन लावते. फोन लागेपर्यंत अंगावरून जातच असतं. महिन्यातून एकदा वीस मिनिटं, बाहुलीवर, घड्याळ लावून सराव, आणि 'इतकं रक्त गेलं की सिस्टरने स्वतःच्या अधिकारात सुरुवात करावी' असा लेखी आदेश. हे दोन्ही फारसे खर्चाचे नाहीत.

आता आपल्याकडे येते. बाळंतपणात गेलेली बाई शहीद, असं आपल्याकडे म्हणतात. दुःखात बुडालेल्या आईबापांना त्याचा आधार वाटतो आणि तो त्यांच्याकडून हिसकावून घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही. पण दफन झाल्यावर 'अल्लाहची मर्जी' म्हणून आपण जे गप्प होतो, त्या गप्प होण्याचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला होतो? सरकारी नियमांनुसार प्रत्येक मातामृत्यूची चौकशी व्हायला हवी आणि घरच्यांचं म्हणणंही नोंदवायला हवं. घरचे बोलले नाहीत तर कागदावर 'उशिरा आणले' एवढंच उरतं.

कधी उशीर खरंच आपणच करतो. नवरा येऊ द्या, सासऱ्यांना विचारू द्या. कायद्याने सज्ञान बाईची संमती तिची स्वतःची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलं, आणि जीव धोक्यात असेल तर डॉक्टर संमतीसाठी थांबून राहायला बांधील नाहीत हेही. रक्ताचंही तसंच. मुहर्रमला, ईद-ए-मिलादला आपली मंडळं रक्तदान शिबिरं घेतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११पासून सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला रक्त आणि गाडी मोफत मिळायला हवी, हे शिबिराच्या फलकावर मी अजून लिहिलेलं पाहिलं नाही.

तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या सभेत किंवा सभेबाहेर, सिस्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता, एवढं विचारून या: रक्त मोजायचं कापड आहे का, आणि शेवटचं कधी वापरलं? औषधं फ्रिजमध्ये आहेत का आणि रात्री फ्रिज चालू असतो का? फुगा आणि पोशाख कुठे ठेवले आहेत, किल्ली कुणाकडे? शेवटचा सराव कुठल्या तारखेला झाला? इथून पाठवलेली बाई जिथे जाते, तिथे तो पोशाख ओळखतात का? उत्तरं आम्हाला कळवा. पुढच्या अंकापासून ती दोन्ही भाषांत छापू. तारीख आणि तालुका देऊ, कुठल्याही सिस्टरचं नाव देणार नाही.